टीव्ही बंद पडलाय, 9 हजारांत 50 इंची जुना प्लाझ्मा मिळतोय, घेऊ का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. टीव्हीच्या पत्रांना मी सहसा दोन ओळीत उत्तर देते, पण तुमच्या पत्रात सासऱ्यांबद्दल जे लिहिलंय ना, सासूबाई गेल्यापासून दिवसभर घरात ते एकटेच, तुम्ही शिलाई मशीनवर, मिस्टर कंपनीत, मुलगा शाळा आणि क्लासला, आणि आता तीन दिवस ते नेहमीच्या वेळी नेहमीच्या खुर्चीत बंद टीव्हीसमोर येऊन बसतात, ते वाचल्यावर हा प्रश्न चैनीचा राहिलाच नाही. टीव्ही लागणार आहे आणि लवकर लागणार आहे. म्हणजे ‘थोडे दिवस थांबा, पैसे साठवा’ हा माझा नेहमीचा सल्ला इथे चालणार नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताई साताऱ्याच्या. मिस्टरांचा पगार हातात 38 हजार, ताईंचं शिवणकाम महिन्याला 6 हजारांच्या आसपास, घराच्या कर्जाचा हप्ता 11,200, मुलगा पुढच्या वर्षी दहावीत. बँकेत 46 हजार आहेत आणि तेवढीच गंगाजळी. 2018 साली घेतलेला 40 इंची एलईडी टीव्ही बंद पडला, मेकॅनिकने फोनवरच सांगितलं की पॅनल गेला, नवीन घ्या. आता मिस्टरांचे कराडचे एक सहकारी आपला 50 इंची पॅनासॉनिक प्लाझ्मा टीव्ही 9 हजारांत द्यायला तयार आहेत, मिस्टरांनी हजार रुपये इसार देऊनही टाकलाय. दुसरा पर्याय म्हणजे दुकानातला 43 इंची नवीन, 24 हजारांचा, नो कॉस्ट इएमआयवर, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या मासिक हप्त्यांवर. यातलं काय करू, असा प्रश्न आहे.

माझं उत्तर असं की आत्ता यातलं काहीच करू नका, कारण तुमचा जुना टीव्ही मेलाय हे अजून कुणी बघितलेलंच नाहीये.

तुम्ही लिहिलंय की आवाज येतो, चॅनेलही बदलतात, फक्त चित्र दिसत नाही, आणि चालू केल्यावर अर्धा सेकंद उजेड येऊन जातो. हे पॅनल गेल्याचं लक्षण वाटत नाही मला, हे बॅकलाइट गेल्याचं लक्षण आहे. एलईडी टीव्हीत चित्र एका थरावर, म्हणजे पॅनलवर, तयार होतं आणि त्याच्या मागे छोट्या दिव्यांच्या पट्ट्या असतात, त्या उजेडामुळे ते आपल्याला दिसतं. पट्टीतला एखादा दिवा गेला की टीव्ही स्वतःला वाचवायला सगळाच उजेड बंद करतो, चित्र मात्र अंधारात चालूच असतं. आज रात्री एवढं करा, खोलीतले दिवे घालवा, टीव्हीवर बातम्यांचं चॅनेल लावा आणि मोबाइलची टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ धरून जरा तिरकी मारा. टॉर्चच्या उजेडात जर निवेदकाचा चेहरा किंवा खालची पळणारी पट्टी पुसट का होईना पण हलताना दिसली तर पॅनल जिवंत आहे. आणि पॅनल जिवंत असेल तर हा खर्च 24 हजारांचाही नाही आणि 9 हजारांचाही नाही, 40 इंचीच्या बॅकलाइट पट्ट्या मजुरीसकट साधारण 2 ते साडेतीन हजारांत बदलून मिळतात.

त्यासाठी मेकॅनिक दुसरा बघा, जो घरी येऊन टीव्ही उघडून बघेल असा. त्याला सांगा की सगळ्या पट्ट्या बदला, एकच गेलेला दिवा बदलला की महिन्या दोन महिन्यात शेजारचा जातो कारण ते सगळे एकाच वयाचे असतात. काम सुरू करायच्या आधी विचारून घ्या की उघडताना पॅनलला तडा गेला तर जबाबदारी कुणाची, कारण ती काच फार पातळ असते आणि हे काम खरोखर नाजूक आहे. जुन्या पट्ट्या परत मागा, पावती घ्या, पावतीवर तीन महिन्यांची गॅरंटी लिहून घ्या. आणि दुरुस्त होऊन आला की सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट शंभरवर असेल तर साठ-सत्तरवर आणा, दिवसभर चालणाऱ्या टीव्हीच्या पट्ट्या तेवढ्याने बऱ्याच टिकतात.

आता प्लाझ्मा. मिस्टरांना तो का आवडला ते मला नीट कळतं. प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः तयार करतो, मागे वेगळा दिवा नसतो, त्यामुळे काळा रंग खरा काळा दिसतो, आणि क्रिकेटमध्ये बॉल सीमारेषेकडे जाताना मागे शेपूट सोडत नाही. बाजूला बसूनही चित्र फिकं पडत नाही. आजचे स्वस्तातले एलईडी या बाबतीत त्याच्यापुढे कमी पडतात हे मी मान्य करते. पण पॅनासॉनिकने प्लाझ्मा बनवणं 2013 च्या डिसेंबरात थांबवलं आणि पुढच्या वर्षी सॅमसंग आणि एलजीनेही. म्हणजे तुम्हाला मिळणारा टीव्ही अगदी शेवटच्या बॅचचा धरला तरी बारा वर्षांचा आहे, आणि त्याचे बोर्ड आता नवीन बनत नाहीत, दुसऱ्या मेलेल्या प्लाझ्मातून काढलेलेच मिळतात.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. 2017 साली माझ्या वडिलांसाठी आम्ही ओळखीतून 42 इंची प्लाझ्मा घेतला होता, 11 हजारांत, आणायचा टेम्पो 700. दोन माणसांनी धरून उभाच आणावा लागला, कारण आडवा ठेवला की आतल्या जड काचेला धोका असतो. पहिले काही महिने बाबा खूश होते, टेस्ट मॅच सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघायचे. सोळा महिन्यांनी एका सकाळी टीव्ही चालू होताना आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत आठवडाभर फिरल्यावर एकाकडे जुना बोर्ड मिळाला, 3,800 रुपये लागले, तो चार महिने चालला आणि परत तेच. शेवटी भंगारवाल्याने 300 दिले. सगळे मिळून साडेपंधरा हजार गेले, वीस महिन्यांत. महिन्याला पावणेआठशे रुपये भाड्याने टीव्ही आणल्यासारखं झालं, आणि बाबांचे मधले ते रिकामे आठवडे वेगळेच.

आणि यात मी विजेचा हिशोब धरलेलाच नाहीये, जो तुमच्या घरात सगळ्यात महत्त्वाचा आहे. 50 इंची प्लाझ्मा चालताना साधारण 300 वॅट खातो, तुमचा 40 इंची एलईडी 70 च्या आसपास. प्लाझ्माची वीज चित्र किती उजळ त्यावर ठरते, रात्रीचा अंधारातला सिनेमा असेल तर कमी, आणि बातम्यांचा पांढराशुभ्र स्टुडिओ असेल तर जास्त, आणि सासरे तर बातम्याच बघतात. तुम्ही लिहिलंय ते दिवसाला सात तास बघतात, संध्याकाळचे तुमचे दोन तास, म्हणजे नऊ. 230 वॅटचा फरक गुणिले नऊ तास, रोजची दोन युनिट, महिन्याची 62. तुमचं बिल आत्ता 125 युनिटच्या आसपास येतं, म्हणजे ही सगळीच्या सगळी वाढीव युनिट 101 ते 300 च्या महागड्या टप्प्यात पडणार. तिथे वहन आकार आणि वीज शुल्क धरून युनिटला 11 रुपये मी कमीतकमीच धरतेय, तुमच्याच बिलाच्या मागच्या पानावर दर बघून हा आकडा परत करून बघा. महिन्याला पावणेसातशे रुपये जास्त, वर्षाला आठ हजारांच्या वर. म्हणजे 9 हजारांचा टीव्ही, कराडहून आणायचे हजार-बाराशे, आणि वीज, पहिल्याच वर्षी 18 हजारांच्या पुढे जातो, आणि तेही एकदाही बिघडला नाही तर. फुकट दिला तरी तो तुम्हाला परवडत नाही हो.

आणखी एक गोष्ट, जी विकणारा सांगणार नाही कारण बहुतेक त्याच्याही लक्षात आलेली नसते. प्लाझ्मावर एकच चित्र तासन्तास एकाच जागी राहिलं की त्याचा डाग पडतो. बातम्यांच्या चॅनेलचा कोपऱ्यातला लोगो, खालची ‘ब्रेकिंग’ची लाल पट्टी, हे दिवसाला सात तास लावलं तर काही महिन्यांत मालिका बघतानाही तो लोगो कोपऱ्यात भुतासारखा दिसायला लागतो आणि मग तो जात नाही. एखादा माणूस रात्री दोन तास सिनेमा बघणारा असता, टीव्ही तीन हजारांत मिळत असता आणि गेला तर गेला म्हणायची ऐपत असती, तर मी म्हटलं असतं घ्या खुशाल, चित्र सुंदर असतं. तुमच्या घरचा वापर बरोबर याच्या उलटा आहे.

समजा टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही आणि दुसऱ्या मेकॅनिकनेही उघडून सांगितलं की पॅनलच गेलाय. मग नवीन घ्या, पण 24 हजारांचा 43 इंची नको. तुमच्या 46 हजारांतून ते काढले तर 22 उरतात, आणि तुमचा घरखर्च हप्त्यासकट 38-39 हजार आहे, म्हणजे तीन आठवड्यांचाही आधार राहत नाही. घरात ज्येष्ठ माणूस असताना ती रक्कम एवढी खाली नेऊ नका, ॲम्ब्युलन्स आणि ॲडमिशनचे पैसे आधी रोख लागतात, मेडिक्लेम असला तरी. तुम्ही म्हणाल म्हणूनच तर इएमआय. तर ‘नो कॉस्ट’मध्ये कॉस्ट असतेच ताई, रिझर्व्ह बँकेने 2013 च्या सप्टेंबरातच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते प्रोसेसिंग फीमध्ये किंवा न दिलेल्या डिस्काउंटमध्ये लपलेलं असतं. दुकानदाराला एवढंच विचारा की रोख दिले तर किती कमी कराल, तो जेवढे कमी करेल तेवढं तुमचं व्याज. आणि दर महिन्याचे 2 हजार तुम्ही आत्ता भिशीत भरताय, हप्ता त्याच्यावर आणखी 2 हजार, महिन्याअखेर तुमच्याकडे उरतातच पाच-सहा हजार. एखाद्या महिन्यात ब्लाउजच्या ऑर्डरी कमी आल्या की हप्ता चुकणार, मग दंड, मग सिबिलवर डाग.

त्याऐवजी 32 इंची बघा, 10 ते 12 हजारांत चांगल्या कंपनीचा मिळतो, वर्षाची वॉरंटी, वीज 50 वॅटच्या आसपास. लेबलवर वर्षाला किती युनिट ते छापलेलं असतं, तारे मोजण्यापेक्षा तो आकडा बघा. रोखीने घ्या आणि बंद टीव्ही एक्स्चेंजला काढा, पाचशे-हजार का होईना सुटतील. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचाच्या वरच्या टीव्हींचा जीएसटी 28 चा 18 टक्के झालाय, त्यामुळे मोठे टीव्ही खरंच उतरलेत आणि दुकानदार तुम्हाला 43 कडे ओढणार, पण तुमच्या फोटोवरून खुर्ची ते भिंत जेमतेम सात फूट दिसतेय, तेवढ्या अंतरावरून सासऱ्यांना 32 वरची पट्टी वाचता येते का ते दुकानात त्यांनाच नेऊन बसवून बघा. नाही आली वाचता तर मात्र मी हट्ट धरणार नाही, मग 43 घ्या, पण पाडव्याला तुमची भिशी लागणार आहे तोपर्यंत थांबून, भिशीच्या 24 हजारांतून, आणि दहावीच्या क्लासची फी आधी बाजूला काढून जे उरेल त्यात थोडी बचत घालून. तोपर्यंत मुलाचा टॅब संध्याकाळपर्यंत आजोबांना द्या, स्टँडवर उभा करून, आणि सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लावून द्या.

राहिला हजार रुपयांचा इसार. तुम्ही लिहिलंय की मिस्टर म्हणतात, आता हजार दिलेत, मागे कसं फिरायचं. त्यांना माझ्याकडून सांगा की ते हजार आता दोन्हीकडून खर्चच झालेत असं समजायचं, प्रश्न फक्त पुढच्या आठ हजारांचा आणि दर महिन्याच्या पावणेसातशेचा आहे. हजार वाचवायला आठ हजार घालायचे नाहीत. सहकाऱ्याला खोटी सबब सांगू नका, रोजचं तोंड बघायचंय. सरळ सांगा की वडील दिवसभर बातम्या बघतात, विजेचा हिशोब केला तर आम्हाला झेपत नाहीये, तुमचा टीव्ही चांगला आहे पण आमच्या घराला नाही. इसार परत दिला तर उत्तम. अर्धा दिला तरी घ्या. नाहीच दिला तरी सोमवारी त्यांना हेच सांगा, आणि टॉर्च मात्र आजच रात्री लावून बघा, काय दिसलं ते मला कळवा.