देव नाकारल्यावर अंगावर येणारी कामं

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. आजी गेल्याचं कळलं होतं, पण दहाव्याला घाटावर काय झालं ते तुझ्याकडूनच समजलं. पिंडाला कावळा शिवेना, ऊन चढलं, म्हातारी माणसं ताटकळली, आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "कावळ्याला भूक नाहीये, एवढाच याचा अर्थ आहे." तेव्हापासून बाबा तुझ्याशी बोलत नाहीत. तू विचारतेस, "सर, मी देव मानत नाही. मग मानायचं नाटक करू का?"

नाटक करू नकोस. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना तुला वाटेल की सर आता वयोमानाने समेटाचं बोलायला लागले. मीही देव मानत नाही. कॉलेजात मानणं सुटलं ते सुटलंच. पुढे वॉर्डात न्यूमोनियाची तान्ही पोरं हातातून गेली, तेव्हा तर वर बसून हे बघणारा कुणी नसलेलाच बरा, असं वाटलं. कावळ्याबद्दलही तुझंच खरं आहे. गेलेल्या माणसाच्या इच्छेचा आणि कावळ्याच्या चोचीचा काडीचा संबंध नाही.

पण त्या वेळात घाटावर आणखी काय चाललं होतं? तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मी मात्र तिथेच थांबलो. कावळा येईना तेव्हा बाबा पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "आई, ताईची काळजी करू नको. ती आता आमच्याकडे राहील." नवऱ्याने टाकलेली तुझी आत्या आजीच्या आधाराने त्या घरात होती, तिच्याबद्दल हे बोलणं. मग काका म्हणाले की वाटणीसाठी कोर्टाची पायरी चढणार नाही. ओलेत्याने, सगळ्या भावकीसमोर.

आपल्याकडे घरातल्या कर्त्या पुरुषांच्या तोंडून असं वचन चारचौघांत वदवून घेणं किती कठीण आहे, हे तुला अजून ठाऊक नाही. वकिलाच्या नोटिशीने जे होत नाही, ते तिथे होतं. जाणाऱ्या बाईचा जीव कशात अडकला असेल, याचा सगळ्यांना बसून विचार करावा लागतो. कावळ्याचं निमित्त खोटं असेल, पण त्यातून निघालेलं वचन खरं होतं. आजीला ते ऐकू गेलं नाही. आत्या मात्र तिथेच उभी होती, तिने ऐकलं.

आपल्या बाजूची माणसं श्रद्धेला एकच प्रश्न विचारतात, हे खरं आहे का? तो विचारायलाच हवा. त्याच्या जोडीला मी तुला दुसरा देतो. ही श्रद्धा इथे कोणतं काम करते आहे, आणि ती काढून घेतली तर ते काम कोण करणार? मर्तिकाच्या घरी तेरा दिवस माणसं येतात, पिठलं-भाकरी आणतात, रात्री कुणीतरी सोबतीला झोपतं. हे सगळं देवाधर्माच्या नावाने चालतं. देव नाही असं तू म्हणालीस, की त्यातलं निदान एक काम तुझ्या वाट्याला आलं. बाबांनी घाटावर दिलं ते वचन कावळ्याची वाट न बघता द्यायची तुझी तयारी आहे का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

हे ज्यांना पुरतं उमगलं होतं अशा एका माणसाबद्दल सांगतो. गोपराजू रामचंद्र राव, सगळे त्यांना गोरा म्हणत. आंध्रातले, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नास्तिक मतांपायी १९३३ साली काकिनाड्याची नोकरी गेली. पुढे १९४० मध्ये मुदुनूर नावाच्या खेड्यात त्यांनी नास्तिक केंद्र काढलं, ते नंतर विजयवाड्याला हललं. केंद्रात काय चालायचं? प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवणं, दलितांसोबत सहभोजनं, जाती मोडणारी लग्नं. देव नसल्याची व्याख्यानं होतीच, पण माणसं जोडली गेली ती कामामुळे.

हे गोरा सेवाग्रामला गांधींना भेटले. दोघांचं देवावर एकमत कधीच झालं नाही. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असं मी म्हणू शकत नाही, आपण दोघेही सत्याच्या शोधात आहोत, अशा अर्थाचं गांधी त्यांना म्हणाले. गोरांच्या थोरल्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी ठरलं, तेव्हा ते सेवाग्रामला लावून द्यायचं गांधींनी कबूल केलं, आणि विधीत ईश्वराच्या जागी सत्याचं नाव घ्यायलाही ते तयार झाले. लग्नाआधीच त्यांची हत्या झाली. मार्च १९४८ मध्ये ते लग्न सेवाग्रामलाच लागलं. रोज प्रार्थना म्हणणारा माणूस एका नास्तिकाच्या मुलीसाठी देवाचं नाव बाजूला ठेवायला राजी होतो, हे मला फार मोठं वाटतं. गोरांचा मुलगा लवणम् तर भूदानाच्या पदयात्रेत विनोबांचं बोलणं तेलुगूत सांगत गावोगाव हिंडला. त्यासाठी कुणाला आपलं मत सोडावं लागलं नाही.

आता भांडायचं कुठे ते. भांडायचं नाहीच, असं मी म्हणत नाही.

तू आमच्या रुग्णालयात इंटर्न म्हणून यायच्या आधीची गोष्ट. पहाटे मण्यार चावलेला एक पोरगा आणला. जमिनीवर झोपलेला, चावल्याची खूण दिसत नव्हती, पोट दुखतंय म्हणून आधी भगताकडे नेलेला. आमच्याकडे पोचला तेव्हा पापण्या उघडत नव्हत्या, मान धरवत नव्हती, श्वास उथळ. व्हेंटिलेटर नव्हता. नळी घातली, प्रतिविष सुरू केलं आणि हाताने दाबून श्वास द्यायची ॲम्बू बॅग दाबायला त्याच्या चुलत्याला बसवलं. गळ्यात माळ असलेला वारकरी माणूस. किती वेगाने दाबायची ते मी दाखवलं, तर त्याने आपल्या मनानेच ठेका धरला. "रामकृष्णहरी" म्हणत दाबायची, सोडायची, थोडं थांबून पुन्हा. सकाळची दुपार झाली, तरी ठेका हलला नाही. दुसरा माणूस बदलीला आला तर त्यालाही तसंच म्हणायला लावलं.

पोरगा वाचला तो प्रतिविषाने आणि फुप्फुसात गेलेल्या हवेने. देवाचा त्यात हात होता असं मी मानत नाही. चुलता मात्र तसंच मानत होता आणि त्यावरून त्याच्याशी वाद घालावा असं माझ्या मनातही आलं नाही. त्याच्या नामाने पोराच्या उपचारात एक मिनिटही खोळंबा केला नव्हता. भगताने केला होता. त्या भगताच्या घरी मी पोलीस पाटलाला घेऊन गेलो आणि सरळ सांगितलं की पुन्हा असा कुणी आला तर अंगारा लावायचा तर लाव, पण गाडी आधी बोलाव.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्याची वर्षं घातली, त्यातही हीच रेघ आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी कायदा आला. साप, विंचू, कुत्रं चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना कायदा हातही लावत नाही. हा कायदा देव बुडवणार, अशी ओरड ज्यांनी केली त्यांनी तो वाचला नव्हता, किंवा वाचूनही लोकांना खोटं सांगितलं.

तेव्हा उद्या त्याच घाटावर कुणा बाईच्या बांगड्या फोडायला हात पुढे आला, तर तू मोठ्याने बोल, मग बाबा वर्षभर बोलले नाहीत तरी चालेल. आणि एकटी आहेस असं समजू नकोस. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. त्यासाठी गावाला देव सोडावे लागले नाहीत.

कावळा त्यातला नव्हता. तिथे कुणाचं काही हिरावलं जात नव्हतं, आणि तुझ्या वडिलांची आई दहा दिवसांपूर्वी गेली होती.

बाबांच्या मनात शंका नसतील असंही धरून चालू नकोस. "माझे लेखी देव मेला" असं तुकोबांनी म्हणून ठेवलंय, आणि तुझे बाबा गाथा वाचणारे आहेत. त्यांच्याशी देवावर बोलायचंच असेल तर कधीतरी तिथून सुरुवात कर, पण आत्ता नको. आत्ता आजीबद्दल बोल. पूजेला बसणार नाही हे शांतपणे सांग, आणि पाहुण्यांच्या पानांचं, चहाचं, कुणाला एसटीवर सोडायचं ते तू बघ. वॉर्डातही हेच. पेशंटची आई म्हणाली "देव आहे ना, डॉक्टर?" तर तिला तुझं मत ऐकवू नकोस. खुर्ची ओढून तिच्याजवळ बस आणि रक्ताचा रिपोर्ट समजावून सांग.

शनिवारी घरी जातेस ना? आत्याला मधुमेह आहे असं तू मागे म्हणाली होतीस. आजी गेल्यापासून तिच्या गोळ्या कोण आणतं, साखर शेवटची कधी तपासली, पायाला कुठे जखम आहे का, हे बाबांना माहीत असणार नाही. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या घेऊन जा. तिची फाईल तुझ्या नावाने उघड, आणि आकडे मला कळव.

तुझा,
सर