किनाऱ्यालगतच्या वाडीतली विहीर मचूळ का होते?

प्रश्न : गुहागर-श्रीवर्धन पट्ट्यात आमच्या नारळ-पोफळीच्या वाड्या पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) आहेत. मार्च लागला की विहिरीचं पाणी मचूळ होतं, पोफळीची पानं टोकाकडून करपतात. विहिरीतच बोअर मारून खोल जावं का? पंप 5 एचपीचा करावा का?

उत्तर : दोन्ही नको. पुळणीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. विहिरीची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 30 सेंमी वर असेल, तर हिशेबाने खाली सुमारे 12 मीटर गोडं पाणी असतं. प्रमाण 1 ला 40. उपशाने पातळी 10 सेंमी उतरून तशीच राहिली, तर खारं पाणी 4 मीटर वर सरकू शकतं. खाली कातळ लागला तर हा हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण दिशा तीच. बोअर तुम्हाला खाऱ्या थराकडेच नेईल. मोठा पंप तो थर विहिरीखाली शंकूसारखा वर ओढून घेईल. समुद्राचं पाणी नुसतं 5 टक्के मिसळलं तरी चांगल्या विहिरीची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप) 0.5 वरून 3 डेसीसायमन प्रति मीटरच्या आसपास जाते, आणि 3 ला नारळ तग धरला तरी पोफळ टिकत नाही.

आधी खात्री करा. पहाटे पंप लावण्याआधी एक नमुना, दोन तास उपशानंतर दुसरा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्या. दुसऱ्याची ईसी ठळक वाढली, तर दोष उपशाचा. दोन्ही सारखेच खारे असतील, तर खाडीचं पाणी शिरतंय का ते पाहा.

उपाय साधा आहे : पाणी वरवरचं घ्या. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या शोषण पाइपच्या खालच्या टोकाची झडप) तळाशी न सोडता पाण्याखाली दीड-दोन फुटांवर टांगा, पातळीबरोबर खाली-वर करा. एक-दीड एचपीचा पंप तासभर चालवा, दोन-तीन तास थांबा. जुना रहाट याच कारणाने विहीर खारवत नसे. पोफळीला तुषार नको, ठिबक लावा. आळ्यात नारळाची सोडणं आणि झावळ्या अंथरा.

पुनर्भरणाचा खड्डा पुळणीत फारसा उपयोगी नाही, जुलैत जमीन आधीच भरलेली असते. त्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाडीच्या वरच्या अंगाच्या वहाळावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा (तात्पुरता बांध) घाला. वहाळ वाहता असतानाच.