तेनोवर कॉटेज घेताय? आधी काठ विचारा

जुलैत फिनलंड-नॉर्वेमधल्या तेनो नदीवर जायचंय आणि बुकिंगवाले 'कॉटेज उत्स्योकी गावाजवळच, अगदी पाण्याला लागून' एवढंच सांगतायत, हे तुमचं वाचून आमचीच सहल डोळ्यापुढे आली. विमान, गाडी, गरम कपडे हे तुम्ही बघालच. माझं एकच म्हणणं: कॉटेज फिनलंडच्या काठावर की नॉर्वेच्या, हे लेखी घ्या.

नदी हीच तिथे सीमा आहे. अनारयोहका आणि कारासयोहका या दोन नद्या मिळून तेनो होते, नॉर्वेवाले तिलाच टाना म्हणतात. फिनलंडच्या नुओर्गाम गावाच्या खाली दोन्ही काठ नॉर्वेचे, पुढे टानाफ्योर्ड आणि बॅरेंट्स समुद्र. दोन्ही बाजूंना रस्ता नदीला धरूनच जातो, म्हणून नकाशावर सगळं 'जवळच' दिसतं. पण पलीकडे जायला कारिगास्निएमी गावाचा पूल सुटला की पुढचा थेट उत्स्योकीला, म्हणजे साधारण शंभर किलोमीटरनंतर.

आम्हाला एका बुकिंग कार्यालयाने रस्ता दिला फिनलंडचा आणि कॉटेज नॉर्वेचं. पलीकडे खिडकीचे पडदेसुद्धा दिसत होते! फोन केला तर म्हणे, "अहो, समोरच तर आहे." चावीवाला चारला येणार होता, पण चार कुणाचे? नॉर्वेचं घड्याळ फिनलंडच्या एक तास मागे. नंतर भरपाईचा फॉर्म भरून घेतला, उत्तर आजतागायत नाही. असो.

'सालमन पकडा' अशी जाहिरात दाखवत असतील तर सरळ फोन ठेवा. साठा घटल्यामुळे 2021 पासून तेनोत अटलांटिक सालमनच्या मासेमारीवर बंदी आली. माझ्या मते बरोबरच झालं. उपनद्यांमध्ये सालमनचे वेगवेगळे वंश आहेत आणि सगळे याच मुख्य पात्रातून वर चढतात. खाली जाळं टाकलं की दुबळ्या वंशाचा मासाही त्यातच सापडतो. विषम वर्षी पॅसिफिकचा गुलाबी सालमन झुंडीने येतो, ती वेगळीच डोकेदुखी. नियम बदलत असतात, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका, दोन्ही देशांच्या सरकारी साइट बघा.

कयाक नेणार असाल तर आलाकॉंगासच्या खळाळापासून नवख्यांनी लांबच राहावं, तो काठावरूनच बघावा. दुसऱ्या नदीत वापरलेली कयाक किंवा गळ निर्जंतुक केल्याशिवाय तेनोत घालू नका. सालमनवरच्या परजीवीची तिथे धास्ती आहे आणि नियमही कडक आहेत. आणि डासांसाठी डोक्यावरची जाळी घ्याच, नुसत्या क्रीमने भागत नाही.