फिजिशियन असिस्टंट म्हणजे डॉक्टरच का?

प्रश्न: बाबांची बायपास ठरलीय. वॉर्डात रोज एक फिजिशियन असिस्टंट येऊन तपासते, ती डॉक्टरच ना? – एक वाचक, फोंडा

उत्तर: नाही हो, डॉक्टर नव्हे आणि नर्सही नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हिस्ट्री घेते, तपासते, रिपोर्ट बघून राउंडला सर्जनसमोर मांडते, आणि बायपासला पायातली शीर काढायचं नाजूक काम बऱ्याच ठिकाणी हेच लोक करतात. भारतात हा कोर्स १९९२ला चेन्नईत सुरू झाला, आरोग्यसेवेतल्या अशा सहायक व्यावसायिकांसाठीच्या २०२१च्या केंद्रीय कायद्यातही या पेशाची नोंद आहे. औषधांचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच. तरी बाबांच्या सगळ्या गोळ्या, अगदी घरचा काढासुद्धा, तिला सांगाच, आणि रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती सगळ्यात आधी, कारण ती कधी थांबवायची ते सर्जनना ऑपरेशनआधीच ठरवावं लागतं.