"मी स्वतःत मग्न नसते, मॅडम"

"निदान झालं, ऑटिझमबद्दल मिळेल ते सगळं वाचलं, तरी मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन तोल सुटणं, होतातच. म्हणजे माझ्यातच खोट आहे ना?" मोठ्या वयात निदान झालेल्या बहुतेकांकडून हा प्रश्न मला कधी ना कधी येतोच. उत्तरादाखल एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

देवगडकडची, वय 26. आंब्याच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. कुठल्या बागेतून किती पेट्या आल्या, हे तिला वही न उघडता सांगता येतं. वर्षभरापूर्वी मुंबईच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी ऑटिझमचं निदान केलं होतं. माझ्याकडे आली ती गणपती झाल्यावर. चौथ्या दिवशी संध्याकाळी, घर चाकरमान्यांनी भरलेलं, आरत्या तासभर चाललेल्या, झांजा टिपेला. कुणीतरी कौतुकाने मागून खांद्यावर हात टाकला आणि तिच्या हातातलं आरतीचं ताट भिरकावलं गेलं. ती किंचाळली, स्वतःच्या कपाळावर मारत राहिली, मग मागच्या पडवीत भिंतीला टेकून थरथरत बसली. एका नातेवाइकाने व्हिडिओ काढला. आत्या म्हणाली, "हिच्यार बाहेरचा काय तरी असा, कौल लावून बघा." आईने रात्रीच तिला देवासमोर नाक घासायला लावलं. आईची तगमग खरी होती, हे मला इथे सांगायलाच हवं. तिला लेकीला वाचवायचं होतं, फक्त कशापासून ते माहीत नव्हतं.

पहिल्या भेटीत मी चुकले. "त्या क्षणी मनात काय आलं?" असं दोनदा विचारलं. ती गप्प. मला वाटलं, सांगायचं टाळतेय. पण आपल्या आत काय चाललंय, भूक आहे की भीती, हे वेळेवर ओळखणं आणि त्याला शब्द देणं अनेक ऑटिस्टिक माणसांना अवघड जातं. बोलून जमेना, म्हणून मी म्हटलं, "तू हिशेब लिहितेस ना? मग त्या चार दिवसांचा हिशेबच लिहून आण."

तिने खरंच वही आणली. जमा आणि नावे असे दोन रकाने. नावे बाजूला ट्यूबलाइट, धूप, फटाके, "यंदा लाडू कधी?" हा प्रश्न सात वेळा. पण सगळ्यात मोठी रक्कम आरतीवर नव्हतीच. पाहुण्यांसाठी तिची खोली दिली होती, त्यामुळे चार रात्री ती माजघरात दहाजणांत झोपली होती, म्हणजे खरं तर झोपलीच नव्हती. जमा बाजूला एकच नोंद होती: पहाटे विहिरीवर एकटी, वीस मिनिटं. आम्ही दोघीही त्या पानाकडे पाहत राहिलो. सगळं घर आरतीच्या त्या पाच मिनिटांचा दोष शोधत होतं आणि तोल चार रात्री आधीच जायला लागला होता.

मेल्टडाउन म्हणजे हट्ट नव्हे. हट्टाला काहीतरी हवं असतं आणि ते मिळालं की तो थांबतो. इथे मेंदूला झेपेल त्यापेक्षा जास्त आत आलेलं असतं, आणि त्या वेळी विनवण्या, प्रश्न, दटावणी ही सगळी त्यात भरच. काहींचं उलट होतं, माणूस गोठतो, वाचाच बसते. त्याला शटडाउन म्हणतात, आणि घरच्यांना तो माज वाटतो. तिच्या भावाला मी एवढंच सांगितलं: माणसं बाहेर काढ, दिवा मंद कर, हात लावू नकोस, डोकं आपटत असेल तर मध्ये उशी धर, दाराशी गप्प बस. आणि त्या रात्री माफी मागायला लावू नका. मेल्टडाउन ओसरतो, पण नंतरची लाज कित्येक महिने उतरत नाही. माझ्या अनुभवात जास्त नासधूस तीच करते.

ऑटिस्टिक माणसासाठी मराठीत वापरल्या जाणाऱ्या 'स्वमग्न' या शब्दावर ती एकदा चिडली. "मी स्वतःत मग्न नसते, मॅडम. उलट बाहेरचं सगळंच माझ्या आत येतं." मी इतकी वर्षं हा शब्द सहज वापरत आले होते. 1943 साली बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझम असलेल्या 11 मुलांचं वर्णन केलं, ते मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या अलिप्तपणाचं. आवाज, प्रकाश, स्पर्श यांच्या तीव्र जाणिवांना अमेरिकी निदान-निकषांत जागा मिळाली थेट 2013 मध्ये. तिने ते एका वाक्यात सांगितलं होतं.

निदान कळल्यावर पहिले आठ दिवस तिला हलकं वाटलं, मग राग आला. शाळेत हट्टी म्हणून खाल्लेल्या छड्यांचा, इतकी वर्षं सगळ्यांसारखं दिसण्यात घालवलेल्या शक्तीचा. "मी आईवर ओझं आहे," हेही ती म्हणाली. अशा वेळी मी सरळ विचारते, जीव द्यावासा वाटतो का? आधार नसलेल्या ऑटिस्टिक प्रौढांमध्ये हे विचार जास्त आढळतात आणि विचारल्याने ते वाढत नाहीत. तिला तसं वाटत नव्हतं. ज्यांना वाटतं त्यांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करावा, तिथे मराठीत बोलता येतं. शुद्ध हरपत असेल तर मात्र आधी डॉक्टर गाठा, कारण ऑटिझमसोबत अपस्मारही (फिट येणं) असू शकतो. खुद्द ऑटिझमवर औषध नाही, पण झोप आणि चिंता यांवर आहे, आणि तिला त्याचा उपयोग झाला.

पुढच्या गणपतीत तिची खोली कुणाला दिली नाही. आरतीला ती कानात बोळे घालून पडवीत उभी राहिली. तरीही विसर्जनाच्या दिवशी मेल्टडाउन झालाच. दुसऱ्या दिवशी तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. नावे बाजूला बरंच काही होतं. जमेला लिहिलं होतं: आईने ट्यूब बंद केली आणि दारात बसून राहिली.