बोलणं कमी, तरी बॅटरी खल्लास

प्रश्न: प्रोजेक्टसाठी २० सेन्सर नोड (सेन्सर आणि रेडिओ असलेली छोटी यंत्रं) राउटरशिवाय एकमेकांना जोडलेत, प्रत्येक नोड मिनिटाला एकच छोटा मेसेज पाठवतो, तरी बॅटरी पाच-सहा दिवसात झोपते आणि वर मेसेज पण गायब होतात. ट्रान्समिट पॉवर कमी केली, काडीचा फरक नाही. काय चुकतंय?

उत्तर: अहो बॅटरी बोलण्यात नाही, कान लावून बसण्यात जातेय. उदाहरणादाखल सीसी२४२० ही जुनी रेडिओ चिप बघा, पूर्ण पॉवरने पाठवताना ती १७.४ मिलिअँपिअर खाते आणि ऐकताना १८.८, म्हणजे गप्प बसणंच महाग! बॅटरी २५०० मिलिअँपिअर-तासांची धरली, तर २५०० भागिले १८.८ केलं की १३३ तास, साडेपाच दिवस, लागला ना हिशोब?

तर रेडिओ झोपवा. सगळ्यांनी ठरलेल्या वेळी थोडंसं उठायचं, बोलायचं, परत झोपायचं. २००२चा एस-मॅक प्रोटोकॉल हेच करतो, फक्त घड्याळं सतत जुळवत राहावी लागतात आणि मेसेज प्रत्येक टप्प्यावर जरा रेंगाळतो, तुम्हाला चालेल ते.

आता गायब मेसेज. समजा अ, ब, क हे तीन नोड आहेत. अ आणि क दोघंही ब शी बोलतात पण एकमेकांना ऐकूच येत नाहीत, दोघांनाही चॅनल मोकळा वाटतो आणि ब च्या कानाशी टक्कर होते. पॉवर कमी केल्यावर हे उलट वाढू शकतं बरं का, कारण आवाज कमी लांब पोचतो आणि एकमेकांना ऐकू न येणारे नोड वाढतात. आधी परवानगी मागायची आरटीएस-सीटीएस पद्धत आहे, पण इवल्याशा मेसेजसाठी ती म्हणजे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. २०च नोड आहेत, सरळ प्रत्येकाला टाइम स्लॉट, म्हणजे बोलायची स्वतःची ठरलेली वेळ, वाटून द्या, घड्याळं तशीही जुळवणारच आहात.