थंडीतलं इंजिन ऑइल: ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा
थंडीच्या तोंडावर आलेल्या पत्रांमध्ये यंदा ऑइलचेच प्रश्न जास्त आहेत. त्यांतले पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न: माझ्या पेट्रोल गाडीत १५डब्ल्यू-४० ऑइल आहे. गाडी रात्रभर उघड्यावर असते आणि पहाटे पारा उणे पंधरापर्यंत उतरतो. सेल्फ मारला की इंजिन कण्हत कण्हत फिरतं. मेकॅनिक म्हणतात, हिवाळ्यापुरतं पातळ, म्हणजे ‘३० नंबर’ घाला. घालू का?

उत्तर: पातळ ऑइल हवं हे बरोबर, पण तुमचा आकडा चुकतोय. डब्ल्यू म्हणजे विंटर. थंडीत ऑइल कसं वागेल हे डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो. नंतरचा ३० किंवा ४० हा इंजिन तापल्यावरचा, १०० अंशांवर मोजलेला दाटपणा आहे. ‘३०’ला तो ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणा मोजायचं एकक) असतो आणि ‘४०’ला १२.५ ते १६.३. म्हणून १५डब्ल्यू-४० काढून १५डब्ल्यू-३० घातलंत, तर पहाटेच्या त्रासात फारसा फरक पडणार नाही. उलट तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइलचा थर पातळ होईल. तुम्हाला हवं आहे ५डब्ल्यू-४०. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० चालतं असं लिहिलं असेल, तर तेही चालेल.

प्रत्येक डब्ल्यू ग्रेडची थंडीत दोनदा परीक्षा होते. सेल्फच्या जोरानं इंजिन फिरेल का, ही पहिली. पंप ऑइल ओढू शकेल का, ही दुसरी, आणि ती पाच अंश आणखी खाली घेतात. १५डब्ल्यूसाठी ही तापमानं उणे २० आणि उणे २५ आहेत, १०डब्ल्यूसाठी उणे २५ आणि उणे ३०, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि उणे ३५, तर ०डब्ल्यूसाठी उणे ३५ आणि उणे ४०. मग उणे १५ ला तुमचं १५डब्ल्यू का अडतं? परीक्षा नव्या, स्वच्छ ऑइलची होते. तुमच्या चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाशी साठलेलं, ऑइल वापरून दाट झालेलं असू शकतं. शिवाय उणे १८ च्या आसपास बॅटरीची सेल्फ फिरवायची ताकद जवळपास निम्म्यावर येते. त्यामुळे गाडी जिथे उभी असते तिथलं रात्रीचं सर्वांत कमी तापमान धरा आणि सेल्फच्या परीक्षेचं तापमान त्याहून निदान दहा अंश खाली असेल असा ग्रेड निवडा. वाऱ्यामुळे ‘जाणवणारं’ तापमान यात धरू नका. वाऱ्यानं इंजिन लवकर गार होतं, पण हवेपेक्षा जास्त गार होत नाही.

प्रश्न: गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, पण पहिले काही सेकंद इंजिनच्या वरच्या भागातून खडखड येते. सुरू होतेय म्हणजे ऑइल ठीकच आहे ना?

उत्तर: नाही. इंजिन सुरू झालं याचा अर्थ ऑइल वर पोचलं असा होत नाही, आणि थंडीतली सगळ्यांत महागडी चूक याच समजुतीतून होते.

ऑइल फार थिजलं की दोन गोष्टी घडतात. एक तर ते इतकं दाट होतं की पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीतून पंपाकडे पुरेसं सरकतच नाही. दुसरी गोष्ट अधिक वाईट. खनिज ऑइलमध्ये थोडं मेण उरलेलं असतं. ऑइल सावकाश गार होत गेलं की त्या मेणाचे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि ऑइल जेलीसारखं बसतं. घट्ट मलमात बोट रुतवून काढलं की खड्डा तसाच राहतो, तसं होतं: पंप जाळीभोवतीचं ऑइल ओढून घेतो, तिथे पोकळी पडते, बाजूचं ऑइल ती भरायला येत नाही आणि पंप हवा ओढू लागतो. १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, सू फॉल्स इथे अशीच इंजिनं बिघडली. तिथे हवा ज्या क्रमानं गार होत गेली, त्यात ऑइल जेलीसारखं बसलं होतं. त्यानंतर पंपाच्या परीक्षेत ऑइल सावकाश, जवळजवळ दोन दिवस गार करत नेण्याची पद्धत आली. डब्यावर ‘पोअर पॉइंट’ उणे ३० लिहिलाय म्हणून उणे ३० पर्यंत निर्धास्त राहू नका. भांडं कलतं केल्यावर ऑइल जेमतेम हलतं, एवढंच तो आकडा सांगतो.

आता तुमची खडखड. हायड्रॉलिक लिफ्टर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आणि टायमिंग चेनचा टेन्शनर (ती साखळी ताणून धरणारा भाग) ऑइलच्या दाबावर चालतात. दाब येईपर्यंत ते सैल वाजतात. एक-दोन सेकंद आवाज आला तर काळजी नको. त्याहून लांबला तर आधी डिपस्टिकवर पातळी पाहा, मग डब्ल्यूचा आकडा उतरवा आणि फिल्टरही बदला. फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते. इंजिन बंद असताना ऑइल परत खाली उतरू नये म्हणून ती असते. साधं नायट्राइल रबर थंडीत कडक होतं आणि झडप नीट बसत नाही. सिलिकॉनची झडप मऊ राहते, तोच फिल्टर मागा.

सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधलं थिजलेलं ऑइल ढवळायचा भार सेल्फवर येत नाही. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट थांबा. सुरू झाल्यावर रेस करू नका. ऑइलचा लाल दिवा चार-पाच सेकंदांत विझला नाही, तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा.

प्रश्न: ऑइलच्या झाकणाखाली पांढुरका, चिकट फेस जमतो. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते आणि पेट्रोलचा वास येतो. हेड गॅस्केट गेलं का?

उत्तर: कूलंट कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसत नसेल, तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) बहुधा गेलेलं नाही. तुमच्या फेऱ्या लहान असाव्यात. गार इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये उतरतं. ज्वलनातली वाफही आत गार होऊन पाणी होते आणि झाकण सर्वांत गार असल्यानं तिथे ऑइलशी घुसळून फेस बनतो. ऑइल चांगलं तापलं की पाणी आणि बरंचसं पेट्रोल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून, निघून जातं. पण कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, ते बरंच मागे असतं. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा.

पातळी वाढली म्हणून खुश होऊ नका. त्या ऑइलमध्ये पेट्रोल आहे, ते बेअरिंगला पुरेसा थर देणार नाही. ते आता बदला आणि पुढे मॅन्युअलमधल्या ‘कठीण वापरा’च्या मुदतीनं बदलत जा. कडाक्याच्या थंडीत ब्रीदरची नळीही तपासा. तिच्यात हे पाणी गोठलं तर आतला दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर येतं.

प्रश्न: गाडी जुनी आहे, आजवर खनिज ऑइलच घातलं. सिंथेटिक घातलं तर गळती सुरू होते म्हणतात. आधी फ्लश करावं, म्हणजे इंजिन आतून धुवून घ्यावं का? की आहे त्याच ऑइलमध्ये थोडं रॉकेल मिसळून भागेल?

उत्तर: रॉकेल अजिबात नको. सकाळी सेल्फ हलका लागेल, पण तासाभरानं तापलेल्या इंजिनात ऑइलचा थर उरणार नाही.

सिंथेटिकवर खुशाल जा, फ्लशची गरज नाही. इंजिन गरम असताना जुनं ऑइल निथळू द्या, ड्रेन प्लगचा वॉशर नवा घाला, फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावून तो हातानंच आवळा. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पाहून वरच्या खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर भरू नका. क्रँकशाफ्ट ऑइल घुसळते आणि फेसाळलेलं ऑइल दाब धरत नाही. सील कडक झालेले असतील तर थोडं झिरपू शकतं. दोष सीलचा, बदलायचा तोच.

प्रश्न: माझी डिझेल गाडी आहे, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली. शेजाऱ्यांच्या पेट्रोल गाडीतलं ०डब्ल्यू-२० थंडीत फार चांगलं चालतं. तेच घालू का?

उत्तर: मॅन्युअलमध्ये २० स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नको. ०डब्ल्यू हवं असेल तर ०डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-४० मिळतं. डब्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला एसीईएचा (युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेचा) ‘सी’ वर्ग, उदाहरणार्थ सी३, आणि गाडीच्या कंपनीचा मंजुरी क्रमांक, दोन्ही जुळवून पाहा. ‘सी’ वर्गातलं ऑइल जळल्यावर राख कमी सोडतं. नेहमीच्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साठते आणि रीजनरेशननं (फिल्टर तापवून काजळी जाळण्याच्या क्रियेनं) ती जळत नाही.